नंदाला पाठवायचं की नाही

मैदानाच्या कडेला सिमेंटचे मोठाले पाइप पडले होते. गटाराच्या कामासाठी कुणीतरी आणून टाकलेले आणि मग सोयीस्करपणे विसरलेले. त्यातल्याच एका पाइपाच्या आडोशाला मंजुळा उभी होती. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर नुसतं तापत होतं, डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या कारखान्यांकडून उग्र वास येत होता, आणि तिच्या तळहातांना घाम सुटला होता. तो काही फक्त उन्हामुळे नव्हे.

पलीकडे दहा-बारा मुली सॉफ्टबॉल खेळत होत्या. अमेरिकेतल्या बेसबॉलची ही धाकटी बहीण. दांडक्यानं चेंडू मारायचा आणि चौकोनात जीव खाऊन धावत सुटायचं. मधोमध डोक्याला रुमाल बांधलेले सर ओरडत होते. मंजुळा त्या सरांकडं डोळ्याची पापणी न लववता बघत होती. पालक समोर असले की सगळेच सर साधुसंत असतात. कुणी बघत नसताना ते कसे वागतात, हे तिला बघायचं होतं.

तेवढ्यात पाइपाच्या आत कुणीतरी खोकलं.

ती वाकून बघते तो आत एक तरुण उकिडवा बसलेला, नजर मैदानावर खिळलेली. मंजुळानं छत्री मिटली आणि काठीसारखी उगारली.

"कोण रे तू? पोरींवर नजर ठेवतोस? थांब, त्यांच्या सरांनाच हाक मारते!"

"अहो नको… हळू!" तो इतका दचकला की त्याचं डोकं वर पाइपाला आपटलं. "सरांनी बघितलं तर सगळं मुसळ केरात जाईल माझं."

"चोर तो चोर आणि वर शिरजोर!"

"मी पोरींना नाही बघत… सरांना बघतोय."

"सरांना?"

"माझी पुतणी आहे ती. लाल रिबीनवाली. शीला." डोकं चोळत तो बाहेर आला. "दौऱ्यावर न्यायचं म्हणतायत तिला. म्हटलं, माणूस कसाय ते आधी बघावं." मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. "आणि तुम्ही का लपलाय?"

"मी लपलेले नाही. उभी आहे."

"पाइपामागं?"

"सावली आहे म्हणून."

"सावली त्या बाजूला आहे…"

मंजुळानं उगारलेली छत्री हळूच खाली केली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते बाहेर येऊ द्यायची त्याची छाती होत नव्हती, हेही तिला दिसलं.

"माझी बहीण," ती म्हणाली. "नंदा. दहावीत आहे. तिलाही बोलावलंय."

त्याचं नाव उत्तम मोहिते. गाव तासगावजवळ, नोकरी मानपाड्यालाच एका रंगाच्या कारखान्यात. त्याची नखं गुलाबी होती, लग्नघरातून मेंदी लावून आल्यासारखी. मोठा भाऊ आखातात होता. वहिनी आणि पुतणीची जबाबदारी त्याच्यावर. 'भावजी, तुम्ही बघा आणि ठरवा,' असं म्हणून वहिनी मोकळ्या झाल्या होत्या, आणि तेव्हापासून याची झोप उडाली होती.

"चला, रस घेऊ या समोर," तो म्हणाला. "घसा कोरडा पडलाय."

"नको. मी सरांची चौकशी करायला आलेय. तुमची अजून कुठं केलीय?"

"मग करा ना… हरकत नाही माझी."

ती वळली आणि स्टेशनच्या दिशेनं झपाझप चालू लागली. वळणावर पोचल्यावर मात्र तिनं एकदा मागं पाहिलं. आणि मग स्वतःलाच दटावलं.

---

मंजुळाची भीती उगाच नव्हती.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, खाडीच्या कडेला त्यांचं घर. वडील गोमाजी, आई नाही, आणि तीन बहिणी. सगळ्यात थोरली भागीरथी. तिला दोघी धाकट्या 'बाय' म्हणत. भागीरथी कबड्डी खेळायची. एकदा चढाईला निघाली की समोरच्या पोरी रेषेमागं सरायच्या. सात वर्षांपूर्वी कुणी एक मंडळवाला आला, गोडगोड बोलला, आणि जत्रेतल्या सामन्यांना म्हणून पोरींना पेणच्या पलीकडं घेऊन गेला. पहिल्याच दिवशी भागीरथीचा गुडघा निखळला. त्या माणसानं हळद लावून फडकं बांधलं आणि तिला एका शाळेच्या ओसरीवर बसवून ठेवलं. सामने संपेपर्यंत. घरी ती आली मासळीच्या टेंपोतून, ताप अंगात घेऊन. पाय कायमचा आखडला. ठरलेलं लग्न मोडलं. तो मंडळवाला पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या दिवशी टेंपोतून बायला उतरवून घेताना मंजुळानं तिचा पाय धरला होता. त्या पायाची ऊब अजून तिच्या हाताला आठवायची.

आणि आता नंदा. लहानपणापासून होडीचा दोर किनाऱ्यावर अचूक फेकणारी नंदा. शाळेच्या स्पर्धेत तिनं मैदानाच्या टोकावरून फेकलेला चेंडू मधु घरत सरांनी पाहिला आणि शाळेतच निरोप ठेवला : पोरीला आमच्या 'जिद्द' क्रीडा मंडळात पाठवा. सहामाही संपली की नगरला स्पर्धा आहे, पाच दिवसांची.

गोमाजी जाळं विणता विणता म्हणाले होते, "मंजू, तू शिकलेली. तू बघ. तू हो म्हनशील तर जाईल, नाय म्हनशील तर नाय."

मंजुळा नौपाड्यात एका दातांच्या डॉक्टरांकडं नोकरी करायची. दात काढायला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरची भीती ती रोज बघायची, आणि 'काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं रोज सांगायची. आता ते स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

---

दुसऱ्या खेपेला ती डोंबिवलीला उतरली तेव्हा उत्तम स्टेशनच्या पुलाखालीच उभा होता. आज नखं निळी होती.

"तुम्हाला कसं कळलं मी येणार?"

"नव्हतं कळलं. काल पण उभा होतो." तो गडबडला. "म्हणजे… इथूनच जावं लागतं ना कामाला."

कामाचा रस्ता दुसऱ्या बाजूनं होता, हे तिला ठाऊक होतं. ती बोलली नाही.

त्याच्याकडं बातमी होती, आणि ती चांगली नव्हती. गेल्या वर्षी 'जिद्द'मधली एक मुलगी दौऱ्यावरून अर्ध्यातूनच परत आली होती. तुळसा तिचं नाव. त्यानंतर तिनं मैदानावर पाऊल ठेवलं नाही. का, ते कुणी सांगत नव्हतं. मैदानाजवळच्या पानवाल्यानं मात्र आवाज खाली आणून सांगितलं होतं, 'एक पोरगी गायब झालेली तिकडं.'

"गायब?" मंजुळानं विचारलं.

"मलाही रात्रभर तेच ऐकू येत होतं," उत्तम म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तुळसाचं घर रामनगरमधल्या एका चाळीत होतं. दार तुळसाच्या आईनं, विमलाबाईंनी उघडलं. हातात पोळपाट, कपाळावर पीठ. 'या, बसा' म्हणतच होत्या, तेवढ्यात उत्तमनं 'घरत सर' हे दोन शब्द उच्चारले.

विमलाबाईंचा चेहरा एकदम मिटला.

"आम्हाला काही विचारू नका. माझ्या पोरीचं काही झालेलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. समजलं?"

आणि दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

मंजुळा जिना उतरू लागली. तिनं कठड्याला हात लावला, तेव्हा त्याच कठड्यावर उत्तमचा हातही होता. थंडगार. ऑक्टोबरच्या त्या रखरखीत दुपारी दोघांचेही हात थंड होते. एक क्षण कुणीच हात हलवला नाही…

"मी नाही पाठवणार शीलाला," तो पुटपुटला.

"मीसुद्धा नाही," ती म्हणाली. पण पाय मात्र निघेनात. काहीच झालेलं नसेल तर ही बाई एवढी भ्याली का? "पण कळायला हवं. नुसतं घाबरून घरी बसले तर नंदाला काय सांगू?"

मग ते कळण्यासाठी दोघं फिरले. तुळसाच्या शेजारणीकडं गेले, तिच्या शाळेच्या बाईंकडं गेले, शेजारणीकडं पुन्हा गेले. या फिरण्यात तिनं त्याला बायच्या टेंपोची हकीकत सांगितली, आणि तिला बाकीचंही कळत गेलं. रस्ता ओलांडताना तो नकळत वाहनांच्या बाजूला येतो. खिशात शेंगदाणे असतात आणि ते तो मोजून निम्मे देतो. कुणाच्या दारावर थाप मारण्याआधी त्याचा घसा दोनदा खाकरला जातो, कारण तो मुळात भित्रा आहे… तिच्यासारखाच. भित्रा आणि तरी थाप मारणारा. हे तिला कुठंतरी आत जाऊन बसलं.

तुळसाच शेवटी त्यांच्याजवळ आली. शिवणाच्या क्लासला निघालेली ती सडपातळ मुलगी कोपऱ्यावर त्यांना गाठून धापा टाकत म्हणाली, "तुम्ही सरांबद्दल विचारत फिरताय ना? सरांनी काही नाही केलं. मी पळाले."

"पळालीस?"

"घरची आठवण येत होती. रडू थांबेना. दुपारी सगळ्या खेळत होत्या, तेव्हा मी आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या मागच्या दारानं निघाले आणि एसटीत बसले. कुठली गाडी तेसुद्धा बघितलं नाही. भलत्याच गावाला उतरले. अंधारून आलं होतं… सर ट्रकमध्ये बसून शोधत आले. रागावले नाहीत. चहा पाजला, आणि थेट डोंबिवलीपर्यंत आणून सोडलं. आईला म्हणाले, चूक माझी, माझं लक्ष नव्हतं." ती इकडंतिकडं बघत पुढं बोलली, "पण आई कुणाला सांगू देत नाही. पोरगी पळाली होती असं लोक बोलले की पुढं… तुम्हाला माहीतच आहे."

उत्तमनं मोठा नि:श्वास सोडला. त्याचे खांदे सैल पडले. "म्हणजे माणूस सोन्यासारखा आहे!"

मंजुळाचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"सर तुला आणायला आले," तिनं विचारलं, "तेव्हा बाकीच्या मुली कुणाजवळ होत्या?"

"तिथल्याच… कुणीतरी बाई होत्या. शाळेतल्या."

---

सरांना ती मैदानावरच जाऊन भेटली. या वेळी पाइपामागून नव्हे, समोरून. मधु घरत मानपाड्याकडच्याच एका गावचे, आडव्या बांध्याचे, बोलायला रोखठोक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काहीच नाकारलं नाही.

"खरं हाय ताई. एक मी, बारा पोरी. एकीमागं धावलो तर अकरा उघड्यावर. त्या दिवसापास्नं मलाबी झोप नाय. सोबत बाईमानूस पायजे, मी काय नाय म्हनतो? पन पाच दिवस घर सोडून कोन येनार? आयांना विचारलं, टीचरांना विचारलं." ते थांबले. "तुमी येता?"

मंजुळा मागं सरली. कल्याणच्या पुढं ती कधी गेली नव्हती. अनोळखी गाव, अनोळखी शाळेची ओसरी… डोळ्यांपुढं ती ओसरीच उभी राहिली, फडकं बांधलेल्या गुडघ्यासकट.

"नाही," ती म्हणाली. "आणि नंदाही नाही येणार."

घरी येऊन तिनं तेच सांगितलं. नंदा ना रडली ना भांडली. उठून बाहेर गेली आणि उलट्या घातलेल्या होडीवर खाडीकडं तोंड करून बसली. जेवायलाही आली नाही. मंजुळाला वाटलं होतं, नाही म्हटलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड जिथल्या तिथं होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी बाकावर येऊन बसलं. गालावर हात धरून.

"नाव?" मान वर न करता तिनं विचारलं.

"उत्तम मोहिते."

पेन्सिल तिच्या हातातून घरंगळली. आजूबाजूला चार पेशंट बसले होते.

"काय होतंय तुम्हाला?" ती शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणाली.

"दुखतंय."

"कुठं?"

"ते डॉक्टरांना नाही सापडायचं."

शेजारच्या म्हातारबांनी कान टवकारले. मंजुळा उठली आणि त्याला जिन्यात घेऊन गेली. हसू आणि राग एकाच वेळी ओठांवर आले होते. पण त्यानं पुढं जे सांगितलं, त्यानं हसू पळालं.

"मी शीलाला पाठवायचं ठरवलंय."

"सगळं कळल्यावरही?"

"कळलं म्हणूनच. आपली चूक आहे असं तोंडावर सांगणारा माणूस आहे तो."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर… मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेच."

"मग ठेवा घरी!"

"किती दिवस? लग्न होईपर्यंत? त्यानंतर कोण ठेवणार?" त्याचा आवाज चढला. "मंजुळा, तू नंदाला नाही म्हणत नाहीयेस. तू अजून त्या टेंपोपाशी उभी आहेस."

"तुला काय माहीत रे त्या टेंपोचं? तू नव्हतास तिथं!"

दोघंही थबकले. भांडणात 'तू' कधी आलं ते कळलंच नव्हतं. आता ते परत घेता येत नव्हतं, आणि जिना फार अरुंद होता. त्याच्या शर्टाला रंगाचा आणि साबणाचा वास येत होता.

"जा तुम्ही," ती कशीबशी म्हणाली. "पेशंट खोळंबलेत."

तो गेला. ती आत येऊन बसली आणि म्हातारबांचं नाव लिहिताना दोनदा चुकली.

---

संध्याकाळी भागीरथी अंगणात बसून सुकट निवडत होती. आखडलेला पाय समोर पसरलेला. मंजुळा चप्पल काढत होती तेवढ्यात ती म्हणाली, "ये, बस इथं."

मंजुळा बसली. नेहमीसारखी तिच्या पायाकडं पाठ करून.

"घरोघर फिरलीस गो," भागीरथी म्हणाली. "तिच्या आईला विचारलंस, शेजारणीला विचारलंस, सरांना विचारलंस. मला विचारलंस?"

"तुला काय विचारू बाय… तुझ्या पायाकडं बघवत नाही मला."

"मग तोंडाकडं बघ ना."

मंजुळानं वर पाहिलं. किती दिवसांनी कोण जाणे. बायच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट एक चमक होती, खट्याळ, जुनी.

"पाय मोडला ते वाईटच झालं. त्या मेल्याला अजून शिव्या घालते मी. पण मोडायच्या आधीची ती चढाई… तिघींना ओढत रेषेवर आले होते मी. अख्खी जत्रा माझं नाव घेऊन ओरडत होती. भागीरथी, भागीरथी! तेवढं सोडलं तर माझं स्वतःचं असं काय आहे गो माझ्याजवळ? आणि तू या घरात त्या दिवसाचं नावसुद्धा काढू देत नाहीस."

सुकटीवरचा तिचा हात थांबला.

"माझा पाय नंदाच्या वाटेत आडवा घालू नकोस. सरांना सोबत बाईमाणूस हवंय ना? मी जाते."

"तू? बाय, तुला चालताना…"

"चालायला कोण सांगतंय? पोरींवर लक्ष ठेवायचंय. एका जागी बसून मी अख्ख्या कोळीवाड्यावर लक्ष ठेवते, बारा पोरींचं काय घेऊन बसलीस? आणि मोडलेल्या गुडघ्याशी कसं वागायचं नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

आजही होडीवर जाऊन बसलेली नंदा कधी उतरून आली कुणास ठाऊक. ती दाराशी उभी होती आणि श्वास रोखून मंजुळाकडं बघत होती.

आता एक नाही, दोघी जाणार… मंजुळानं डोळे मिटले. आणि होकाराची मान हलवली.

---

परतीच्या दिवशी आभाळ फुटलं. जाता जाता पाऊस एकदा दाखवून जातो तसा धो धो कोसळला. नगरहून माळशेज घाटातून येणारी गाडी दुपारी ठाण्याच्या खोपट डेपोत लागायची होती. दुपार टळली, चार वाजून गेले, गाडी नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं फोन खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घाटात दरड आलीय. गाड्या अडकल्यात. पुढचं काही कळत नाही."

मंजुळा खांबाला टेकून उभी होती. ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी झाली होती. मनात दरड कोसळत होती, पुन्हा पुन्हा. मीच मान हलवली… मीच.

"मंजुळा."

तो नखशिखान्त भिजलेला होता. शर्टाच्या बाहीवरून हिरवट पाणी निथळत होतं. कारखान्यातून तसाच आला होता.

"काही कळलं?" तिनं विचारलं.

"इथं जेवढं कळलं तेवढंच."

तो शेजारी उभा राहिला. जिन्यातल्या भांडणानंतर दोघं पहिल्यांदाच भेटत होते, पण रुसायला तिच्यात त्राण नव्हतं. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. एक गाडी आत आली. दोघांनी माना उंचावल्या. जव्हारची निघाली. आणखी एक आली. भिवंडीची.

एकाएकी तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"शीला तर सर आणि बाकीच्या पोरींबरोबर कल्याणला उतरणार ना? गाडी आधी कल्याणला थांबते."

"हो."

"मग तू इथं काय करतोयस?"

तो पावसाकडं बघत राहिला. घसा एकदा खाकरला. मग पुन्हा एकदा.

"कल्याणला वहिनी थांबल्यात," तो म्हणाला. "इथं तू एकटी असशील म्हणून…"

पाऊस मोठा झाला की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय, ते मंजुळाला कळेना.

"आणखी एक सांगायचंय," तो घाईघाईनं बोलू लागला, धीर सुटायच्या आत. "त्या शेजारणीकडं दुसऱ्यांदा जायची काही गरज नव्हती. शाळेच्या बाईंकडं तर अजिबातच नाही. मीच उगाच… तू बरोबर यायचीस म्हणून."

मंजुळानं ओढणी सोडली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"येईल गाडी."

"गाडी नाही आली तर, याची वाटतेय." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला वाकावं लागलं. "आणि… आली तर, याचीसुद्धा."

"आली तर कसली?"

"गाडी आली की आपलं काम संपलं. मग तू पुलाखाली कशाला उभा राहशील?"

त्यानं नुसता हात पुढं केला. हिरव्या नखांचा, ओला हात. मंजुळानं डेपोभर नजर फिरवली. हमाल, कंडक्टर, भजीवाला, ओळखीचं कुणीही असू शकलं असतं. तिनं तो हात धरला.

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतला माणूस पुन्हा ओरडला, "नगर-ठाणे मुरबाडहून सुटली! रस्ता मोकळा झाला!" तेव्हा उत्तमनं तिला बाकावर बसवलं. ती ओंजळीत तोंड घालून रडली आणि तो तिच्यासमोर बावळटासारखा रुमाल धरून उभा राहिला. रुमालही भिजलेलाच होता.

गाडी आली तेव्हा पाऊस झिमझिम झाला होता. चिखलानं माखलेली, एक दिवा फुटलेली. खिडकीतून आधी नंदाचा हात बाहेर आला, मग तोंड. "ताई! हरलो गं! पण काय फेकला मी, बायला विचार!" दारातून भागीरथी कंडक्टरचा हात धरून उतरली. थकलेली, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा उजळलेला की मंजुळा बघतच राहिली. नंदा उडी मारून खाली आली. मंजुळानं आधी तिचे गुडघे बघितले. एकावर खरचटलं होतं, त्यावर नीट पट्टी होती.

"दरड पडली तेव्हा एकही पोरगी जागची हलली नाय," भागीरथी सांगत होती. "सगळ्यांना पुढच्या बाकांवर घेऊन बसले मी. आणि…" ती थांबली. तिची नजर मंजुळाच्या हातावर गेली होती. रडणं आवरून उठताना तो हात पुन्हा उत्तमच्या हातात गेला होता आणि तिथंच राहिला होता.

त्याच वेळी डेपोच्या फाटकातून गोमाजी आत येताना दिसले. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पायात चिखल. हात काढून घ्यावा असं मंजुळाच्या अंगातला कण न् कण ओरडत होता. तासगावकडचा मुलगा, दर्यात कधी न उतरलेला… बाबा काय म्हणतील? कोळीवाडा काय म्हणेल? बोटं सैल झाली. मग तिनंच ती पुन्हा घट्ट केली.

"पोरी आयल्या का गो?" गोमाजींनी नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला, भागीरथीच्या पाठीवर थोपटलं. मग ते सावकाश वळले. "आनि ह्यो कोन?"

"उत्तम," मंजुळा म्हणाली. "बाबा, हा उत्तम. आम्ही दोघांनी मिळून… गाडीची वाट बघत होतो."

गोमाजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भिजलेला शर्ट, हिरवी बोटं, आणि त्या बोटांत आपल्या लेकीची बोटं. उत्तमच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. पावसाचं की घामाचं, सांगणं कठीण होतं.

"कवापास्नं उभा हायस?"

"साडेचारपासून."

गोमाजी हुंकारले. मग भागीरथीच्या पायाशी पडलेल्या दोन मोठ्या पिशव्यांकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं.

"मंग आता नुसता उभा काय ऱ्हायलास? उचल त्या."

उत्तमनं दोन्ही पिशव्या खांद्याला अडकवल्या आणि एवढ्या घाईनं निघाला की सरळ भिवंडीच्या गाडीकडंच चालू लागला. भागीरथी तोंडाला पदर लावून हसू लागली. नंदाचे डोळे विस्फारले.

"अरे, तिकडं कुठं?" मंजुळा ओरडली. बाबांसमोर, अख्ख्या डेपोसमोर. "घर इकडं आहे!"